मंग सैतान गेलाच कायले?

आमच्या संडे स्कूलला फार पोरं नसतात. चर्च लहान आहे, पत्र्याचं, यवतमाळपासून एसटीनं तासाभरावर. रविवारी उपासनेच्या आधी आठ-दहा लेकरं जमतात आणि त्यातली निम्मी नंतरच्या पोह्यांसाठी येतात हे मला माहीत आहे. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. गेल्या उपवासकाळात, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या दिवसांत, मत्तयाच्या शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) चौथा अध्याय सांगत होतो. येशू चाळीस दिवस रानात उपाशी, सैतान येतो, तीनदा मोह घालतो, येशू तीनदा त्याला परतवतो. गोष्ट संपली तसा सातवीतल्या एका पोट्ट्यानं हात वर केला.

“सर, येशू देव होता ना?”

“हो.”

“मंग तो पाप करूच शकत नव्हता ना?”

“नव्हता.”

“मंग सैतान गेलाच कायले? आन् येशू जिकला त त्यात काय मोठं झालं?”

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. मास्तर असं कधी म्हणतो ते मास्तरांना ठाऊक असतं.

घरी आल्यावर ओट्यावर बसून शेजारच्या काकांना हा किस्सा सांगितला. काका कीर्तन-प्रवचनातले, हातात पडेल ते वाचणारे, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. ते म्हणाले, “सोपं आहे मास्तर. लीला म्हना ना! देवाले काय मोह पडते? तो दाखवते फक्त.”

हा शब्द आपल्या मराठी कानाला इतका सवयीचा आहे, की उत्तर तिथेच संपल्यासारखं वाटतं. पण ख्रिस्ती माणसाला नेमकं हेच म्हणता येत नाही. येशूचं शरीर, भूक, वेदना हा सगळा नुसता भास होता, असं मानणारे लोक ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातच निघाले होते, आणि मंडळीनं, म्हणजे चर्चनं, त्यांना स्पष्ट नाकारलं. येशू खरोखर माणूस झाला, खरोखर उपाशी राहिला, खरोखर मेला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया आहे. लीला म्हटलं की पोराच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, पण वधस्तंभही नाटकातला होतो.

आता ख्रिस्ती लोक कशावर भांडतात आणि कशावर नाही, ते आधी वेगळं करू. येशूनं पाप केलं का? नाही. यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट सगळे एका तोंडानं बोलतात. “तुमच्यापैकी कोण माझ्यावर पाप शाबीत करतो?” असं तो स्वतः विरोधकांना विचारतो (योहान 8:46). त्यानं पाप केलं नाही हे बायबलमध्ये पेत्र लिहितो, योहान लिहितो, पौल लिहितो. काकांनी इथे मला अडवलं. त्यांनी माझ्याकडून शुभवर्तमान नेऊन वाचलेलं आहे आणि मार्कच्या पाचव्या अध्यायावर त्यांचा जुना राग आहे. येशू एका माणसातली भुतं काढतो, ती डुकरांत शिरतात आणि सुमारे 2000 डुकरं कड्यावरून समुद्रात पडून मरतात. “एवढं जित्राब बुडालं, मालकाची भरपाई कोनं देल्ली?” शेतकऱ्याच्या गावात हा प्रश्न यायचाच. मी एवढंच म्हणालो, की येशूनं डुकरांना ढकललं नाही, भुतांना जाऊ दिलं. आणि त्या माणसाची किंमत 2000 डुकरांपेक्षा जास्त होती. काकांनी पान थुंकलं. पटलं नाही.

असो. भांडण आहे ते पुढच्या पायरीवर. पाप केलं नाही हे ठीक, पण करू शकला असता का?

बायबलमधली दोन वाक्यं शेजारी ठेवली की पेच दिसतो. याकोबाच्या पत्रात म्हटलं आहे, देवाला वाइटाचा मोह पडत नाही (1:13). इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे, येशू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला (4:15). येशू देव असेल तर मोह पडणार नाही. मोह पडला असेल तर देव कसा? पोरानं हेच विचारलं होतं, फक्त सैतानाच्या बाजूनं.

यातला निम्मा गुंता ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ या शब्दांचा आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे. म्हणून तर येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत कोणी ‘परीक्षेत आणू नको’ म्हणतं, कोणी ‘मोहात पडू देऊ नको’. परीक्षा बाहेरून येते. मोह म्हटलं की आतलं काहीतरी ओढ घेतं. याकोब तिथेच पुढे म्हणतो, की माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो. येशूच्या आत अशी वाईट वासना नव्हती असं बहुतेक ख्रिस्ती परंपरा मानतात. मग ओढ कशाची?

भुकेची. आणि भूक पाप नाही. सैतानाची पहिली मागणी पुन्हा वाचा: तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसानं भाकर खाण्यात काय पाप आहे? काहीच नाही. आमिष भाकरीचं नव्हतंच. तू माणूस झालास, माणसाची भूक पत्करलीस, आता अडचण आली तर देवपणाचा हात घालून सुटून जा. आमिष हे होतं. साध्या, निर्दोष गरजेचं दार धरून आत शिरायचं. आपल्याकडे कोणी मोठ्या पापाचं आमंत्रण घेऊन येतच नाही. कापूस मोजताना काट्यावर बसलेल्याला आधी लेकीचं लग्न आठवतं, क्विंटलमागची किलोभर काटामारी नंतर येते.

आता ‘शकणं’ घेऊ. इथे मला माझ्या आजीची मदत लागते.

गुड फ्रायडेची उपासना आमच्याकडे बारा ते तीन. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात वेगवेगळी माणसं बोलतात. एप्रिल महिना, विदर्भाची दुपार, वर पत्रे. तेव्हा पंखेही नव्हते. आजीचा त्या दिवशी पाण्याशिवाय उपास असे आणि मी दहा वर्षांचा, तिच्या शेजारी सतरंजीवर, मीही उपास धरलेला. दाराशी रांजण होता, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर जर्मनचा गिलास पालथा. पहिल्या उद्गाराचं भाषण संपायच्या आत मी लघवीचं निमित्त करून उठलो आणि एक गिलास प्यालो. तिसऱ्याला पुन्हा उठलो. पाचवा उद्गार आहे, “मला तहान लागली आहे.” त्यावर पाळकसाहेब घसा कोरडा करून बोलत होते, तोवर माझे तीन गिलास झाले होते. आजी तीनपर्यंत बसून होती. तिच्या ओठांवर पांढरी साल आली होती आणि ती पदरानं मला वारा घालत होती.

पहिला प्रश्न. आजी उठू शकली असती का? पाय होते, रांजण दहा पावलांवर होता, कोणी अडवलं नसतं. म्हणजे शकली असती. पण तिला ओळखणारं कोणीही सांगेल, की ते तिच्याच्यानं झालं नसतं. आपल्या भाषेत ही सोय आहे. ‘हाताला जमत नाही’ वेगळं आणि ‘माझ्याच्यानं होत नाही’ वेगळं. पहिल्यात ताकद कमी पडते, दुसऱ्यात माणूस कोण आहे ते दिसतं. येशू पाप करू शकत नव्हता असं मंडळी म्हणते तेव्हा ती दुसऱ्या अर्थानं म्हणते. हात होते, जीभ होती, अंगात बळ होतं. खोटं बोलायला लागणारं सगळं होतं. ते वापरणं त्याच्याच्यानं होणारं नव्हतं.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या दुपारी तहान कोणाला जास्त कळली, मला की आजीला? मला वीस मिनिटांची कळली. एकच्या पुढची, दोनची, अडीचची तहान काय असते ते फक्त तिला माहीत. जो पडतो त्याच्यावर मोहाचं पुरं वजन कधी येतच नाही, तो आधीच खाली बसलेला असतो. म्हणून पोराचा हिशेब उलटा आहे. न पडणाऱ्याला परीक्षा हलकी जात नाही, तीच सगळ्यात जड जाते.

पण आजीवर हे सगळं तोलायला नको. ती माणूस होती. एखाद्या वर्षी ताप असता तर उठलीही असती. येशूबद्दलचा दावा याहून पुढचा आहे, आणि तो कळायला जरा जुन्या काळात जावं लागतं.

इ. स. 451 मध्ये आज इस्तंबूलचाच भाग असलेल्या कॅल्सेडन नावाच्या गावी बिशपांची परिषद भरली. तिथे ठरलेलं सूत्र आजही बहुतेक मंडळ्या मानतात. येशू एकच व्यक्ती, पण दोन स्वभाव, म्हणजे मूळ प्रकृती: पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. माणूसपणात तो सगळ्या बाबतींत आपल्यासारखा, पाप सोडून. आता पाप कोण करतं? स्वभाव पाप करत नाही, व्यक्ती करते. हात चोरी करत नाही, माणूस करतो. आणि येशूमधली व्यक्ती जर देवाचा पुत्रच असेल, तर त्यानं पाप करणं म्हणजे देवानं पाप करणं. ‘करू शकत नव्हता’ म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हा आहे. त्यांचा दाखला माझ्या शब्दांत सांगायचा तर तुराटीचा. एकटी तुराटी कोणीही मोडेल. तीच लोखंडी सळईला आवळून बांधली की मोडत नाही, आणि तरी ती तुराटीच राहते.

यावर लगेच शंका येते, की मग सगळं काम सळईनंच केलं, तुराटीनं काय केलं? सातव्या शतकात हीच शंका वेगळ्या रूपात आली आणि एका म्हाताऱ्या साधूला महागात पडली. बायझंटाइन सम्राटांना साम्राज्यातली धर्मभांडणं मिटवायची होती. त्यासाठी तोडगा निघाला, की येशूला स्वभाव दोन असतील, पण इच्छा एकच, देवाची. मॅक्सिमस नावाच्या साधूनं नकार दिला. त्यानं बोट ठेवलं गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेवर. अटकेच्या रात्री येशू म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे (लूक 22:42). इच्छा एकच असेल तर इथे ‘माझी’ कोणाची? मरणापुढे अंग चोरणारी ही माणसाची इच्छा आहे. अंग चोरण्यात पाप नाही, जिवंत देह तसाच असतो. आणि तीच माणसाची इच्छा शेवटी स्वतःहून ‘हो’ म्हणते. कोणी तिच्या वतीनं म्हणत नाही. मॅक्सिमस मागे हटला नाही, म्हणून 662 मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला, आणि त्याच वर्षी तो हद्दपारीत मेला. पुढे 680-81 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं त्याचीच बाजू उचलून धरली: इच्छा दोन. म्हणजे तुराटीनंही वजन उचललं.

याच मॅक्सिमसनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडते. आपण ‘हे करू की ते’ म्हणून डगमगतो, आणि त्या डगमगण्यालाच स्वातंत्र्य समजतो. पण डगमगतो ते चांगलं काय हे नीट दिसत नाही म्हणून. फाट्यावर उतरलेला परका माणूस दोन्ही रस्त्यांकडे बघत उभा राहतो. गावातला माणूस उतरतो आणि चालू लागतो. तो काय कमी मोकळा आहे? येशूमध्ये असं डगमगणं नव्हतं, असं मॅक्सिमस म्हणतो. त्याच्याही आधी ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडितानं अशीच मांडणी केली होती. आदाम पापाशिवाय राहू शकत होता. स्वर्गातले लोक पाप करूच शकणार नाहीत, आणि त्यांचं स्वातंत्र्य आदामापेक्षा मोठं असेल.

दुसऱ्या बाजूला कोणीच नव्हतं असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकवणारे चार्ल्स हॉज सनातनी ख्रिस्ती होते, पण त्यांनी सरळ लिहिलं, की मोह खरा असेल तर पापाची शक्यताही खरी असली पाहिजे. नाहीतर ती परीक्षा लुटुपुटुची, आणि अशा येशूला आपल्या लोकांचं दुःख कळणार कसं? त्यांच्याच देशातले विल्यम शेड उलट म्हणाले: अजिंक्य सैन्यावरही हल्ला होतोच की. स्कॉटलंडचे एडवर्ड अर्व्हिंग याहून पुढे गेले. येशूनं घेतलेला माणसाचा स्वभाव आपल्यासारखाच पतित, म्हणजे पापाकडे झुकलेला होता, फक्त पवित्र आत्म्यानं तो पापापासून राखला, असं ते शिकवत. त्यांना 1833 मध्ये पाळकपदावरून काढलं.

आमच्या भागाला ही चर्चा अगदीच परकी नाही. 1953 पासून 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं विद्यालय, यवतमाळातच होती. तिथले विद्यार्थी रविवारी खेड्यांत उपदेश करायला येत आणि जेवणानंतर वडिलांशी वाद घालत. वडील हॉजच्या बाजूचे, अर्थात हॉजचं नाव न ऐकता. ते म्हणत, जो पडूच शकत नाही त्याच्या मागे मी कसा चालू? पेत्राच्या पत्रात एक शब्द आहे, ख्रिस्तानं आपल्याला ‘कित्ता’ घालून दिला (1 पेत्र 2:21). ग्रीकमध्येही तो शब्द पोरांनी गिरवायच्या अक्षरांचाच आहे. मास्तर म्हणून मला वडिलांची अडचण कळते. कित्ता छापखान्यातून आला असेल तर तो सुबक असणारच. पोराला गिरवायला हुरूप येतो तो मास्तरानं समोर बसून, हातानं काढलेल्या अक्षराचा.

तरी मी वडिलांच्या बाजूला नाही, आणि याचं कारण सोसायटीच्या कर्जात आहे. पीककर्जाला जामीन लागतो. ज्याच्या सातबारावर आधीच बोजा आहे, त्याची सही कोण घेतं? दुसऱ्याचं देणं अंगावर घेणाऱ्याचा स्वतःचा उतारा कोरा लागतो. इब्री लोकांस पत्रात येशूला कराराचा जामीनच म्हटलं आहे (7:22). वल्हांडण या यहुदी सणाच्या बळीचं कोकरूही निर्दोष लागायचं ते यासाठीच. ख्रिस्ती माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, या कोऱ्या उताऱ्यावर उभं आहे. येशू पाप करू शकला असता, फक्त केलं नाही, असं धरलं तर दोन हजार वर्षांपूर्वी एका रात्री सगळ्यांचा जामीन हुकता हुकता राहिला असं होतं. शिवाय तो आजही माणूस आहे, माणूसपण त्यानं स्वर्गात जाताना टाकून दिलं नाही, असंही आम्ही मानतो. मग तेव्हा शक्यता होती ती आज का नसावी? ज्याच्या भरवशावर बाई मरणाच्या खाटेवर हात जोडून पडते, त्याचं ‘बहुतेक नाही’ तिला पुरत नाही. आजीचं आटोपलं तेव्हा मी शेजारी होतो, म्हणून हे लिहितो.

हॉजना माझं उत्तर रांजणापाशी आहे. सहानुभूतीला पडलेलं असावं लागत नाही, शेवटपर्यंत तहान काढलेली असावी लागते. पण एक कबूल करतो. आमच्या बाजूचे काही लोक ‘तो तर देवच होता’ असं पटकन म्हणून मोकळे होतात आणि गेथशेमानेतला घाम पुसून टाकतात. लूकनं तो रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता असं लिहिलं आहे. तो न पुसता जो ‘शकत नव्हता’ म्हणेल, त्याच्याशी माझं पटतं.

पुढच्या रविवारी पोरगा पुढच्या रांगेत बसला होता. मी त्याला मत्तयातल्या दोन जागा काढायला लावल्या. चौथ्या अध्यायात सैतान म्हणतो, “तू देवाचा पुत्र असशील तर…” सत्ताविसाव्या अध्यायात येशू वधस्तंभावर टांगलेला आहे आणि रस्त्यानं जाणारे लोक ओरडतात, तू देवाचा पुत्र असशील तर वधस्तंभावरून खाली ये. पोरानं दोन्हीवर बोट ठेवलं.

“सेम टू सेम आहे सर.”

“मग सैतान कायले गेला असंल?”

त्यानं जरा वेळ घेतला. “त्याले पाप नसंन करवाचं. त्याले येशूले खाली उतरवाचं असंन.”

“आणि येशू उतरू शकत होता का?”

“शकत होता.” मग थांबला. “पन आपल्याले सोडून नाई.”

मी फळ्यावर काही लिहिलं नाही. पोह्यांचा वास यायला लागला होता, लेकरं उठली.

संध्याकाळी हे सगळं ओट्यावर काकांना सांगितलं. आजी, रांजण, सातबारा, सगळं. काकांनी चहा बशीत ओतून शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली. मग म्हणाले, “हे समदं बरोबर आहे मास्तर. मले पटलं. पन त्या डुकरंवाल्याचं काय?”